अडीच वाजले, साडेदोन का नाही?



घरातले लहान मूल घड्याळ शिकू लागले की, एक चूक हमखास करते. एक वाजून तीस मिनिटे झाली की ते म्हणते, "साडेएक वाजले." दोन वाजून तीस मिनिटे झाली की म्हणते, "साडेदोन वाजले." मोठी माणसे हसतात. "साडेएक नव्हे रे, दीड. साडेदोन नव्हे, अडीच," असे सांगून मोकळी होतात. मूल विचारते, "का?" साडेतीन चालते, साडेचार चालते, मग साडेदोनने काय घोडे मारले? या 'का'चे उत्तर बहुतेक घरांत कोणापाशी नसते. वास्तविक मुलाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ते मिळविण्यासाठी आज आपण थोडे युरोपात फिरून येऊ आणि मग माळशेजच्या वाटेवरील आपल्या टोकावड्याला परत येऊ.

वेळ विचारण्याच्या तऱ्हा

टोकावड्याच्या एस. टी. थांब्यावर उभी असलेली माउली शेजारच्याला विचारते, "किती वाजले, दादा?" या प्रश्नात घड्याळ हा शब्द नाही, वेळ हा शब्दही नाही. आहे ते फक्त वाजणे. टोले किती पडले, एवढेच ती विचारते. घड्याळ डोळ्यांनी पाहायचे नव्हते, कानांनी ऐकायचे होते, त्या काळातला हा प्रश्न आहे. पूर्वी तळाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा दिवस-रात्र मिळून एक दिवस होई. भांडे बुडाले की, थाळीवर टोला देत. आपण ज्याला 'तास' म्हणतो, तो शब्दही मुळात भांड्याचा आणि टोल्याच्या थाळीचा आहे. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या भांड्यातूनच आला.

युरोपात तरी वेगळे काय होते? इंग्रजीतला 'क्लॉक' हा शब्द 'क्लोक्का' या जुन्या लॅटिन शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ घंटा. जर्मन भाषेत घंटेला आजही 'ग्लोके' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'क्लोश'. स्वीडिश भाषेत तर घंटा आणि घड्याळ या दोहोंना एकच शब्द आहे. चर्चच्या मनोऱ्यावरची घंटा वाजली की गाव उठे, घंटा वाजली की कामाला लागे. अशी एक युरोपी घंटा आपल्या जवळच आहे. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांतली एक आपल्या मुरबाड तालुक्याच्या डोंगररांगेपलीकडे, भीमाशंकरला आहे.

वेळ विचारण्याची प्रत्येक भाषेची तऱ्हा मात्र निराळी. जर्मन आणि डच माणूस विचारतो, "किती उशीर झाला?" त्यात तक्रार काही नाही, ती त्यांची साधी बोलण्याची रीत. फ्रेंच आणि स्पॅनिश माणूस विचारतो, "कोणता तास आहे?" पोर्तुगीज माणूस अनेकवचनात विचारतो, "कोणते तास आहेत?" रशियन माणूस "कितवा तास?" असेही विचारतो आणि "वेळ किती?" असेही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये विचारतात, "घड्याळ किती आहे?" जणू बाजारात भाजीच तोलायची आहे! आणि उत्तर देताना स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज माणसे एकाला एकवचन आणि दोनपासून पुढे अनेकवचन वापरतात. आपणही तेच करतो. एक वाजला, पण दोन वाजले. टोला एक पडला की एकवचन, अधिक पडले की अनेकवचन. हिशेब सरळ आहे.

टोला कोणाच्या हातात?

'किती वाजले' असे विचारावे लागते, याचाच अर्थ असा की, टोला देणारा कोणी दुसरा असतो. हे आपल्या कष्टकरी समाजाने चांगलेच अनुभवलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांची वेळ ही उन्हाची वेळ होती. तांबडे फुटले, दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, एवढ्यावर त्यांचे काम चाले. पुढे गावोगावचे लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले, आणि तेथे दिवस मोजणारा मालक झाला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. कामगारांच्या अर्जावर सुमारे ५,५०० सह्या व अंगठे झाले. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. म्हणजे घड्याळावर आपलाही काही हक्क असावा, इतकीच मागणी होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

त्यानंतर सोळा वर्षांनी आणखी एक गंमत घडली. इंग्रज सरकारने १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईची स्वतःची वेळ या नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. घड्याळाचे काटे पुढे सरकले, म्हणजे सकाळी सहाच्या भोंग्याला पोहोचायला कामगाराला पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे आधी उठणे आले. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली, आणि शहरात निषेधाच्या अर्जांवर पंधरा हजारांवर सह्या झाल्या. मुंबई महापालिकेने पुढे कित्येक वर्षे आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली. घड्याळ सर्वांचे सारखे असते, पण त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. सहा दिवसांचे आठ-आठ तास, हा आजचा हिशेब तेथून आला.

आणि याच्याही मागे जायचे, तर भगवान बुद्धांच्या संघाकडे पाहावे. विनयपिटकात असा नियम आहे की, एखाद्याला उपसंपदा मिळताच तेथल्या तेथे सावली मोजावी, ऋतू सांगावा आणि दिवसाचा कोणता भाग आहे तेही सांगावे. कारण संघात थोरला कोण आणि धाकटा कोण, हे जन्मावर ठरत नव्हते. उपसंपदा कोणाची आधी झाली, त्यावर ते ठरत होते. त्या वेळेसाठी पंचांग लागत नव्हते. सूर्य सर्वांचा, सावली ज्याची त्याची, आणि ती मोजायला पावले पुरत. वेळ सांगण्याचा मान कोणा एका जातीकडे नव्हता, ही गोष्ट लहान नाही.

अर्ध्याचा घोळ

आता विचारण्याकडून सांगण्याकडे वळू. घड्याळात तीन वाजून तीस मिनिटे झाली आहेत. फ्रेंच माणूस म्हणतो, "तीन तास आणि अर्धा." म्हणजे आपले साडेतीन. 'साडे' हा 'सार्ध' या शब्दापासून आला, अर्ध्यासकट असा त्याचा अर्थ. पावणेचारला तो म्हणतो, "चार तास, पाव कमी." आपले 'पावणे' म्हणजेही पाद-ऊन, पाव कमी. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासकट. येथपर्यंत फ्रेंच आणि मराठी हातात हात घालून चालतात.

खरा घोळ पुढे आहे. जर्मन माणूस तीन वाजून तीस मिनिटांना म्हणतो, "हाल्ब फिअर." शब्दशः अर्थ, 'अर्धे चार'. कान आपला असेल, तर आपण साडेचार समजू, आणि एक तास उशिरा पोहोचू. जर्मन माणसाचा विचार असा की, तीन तास पुरे झाले, चौथा अर्धा झाला, म्हणून अर्धे चार. डच, डॅनिश, स्वीडिश, रशियन, चेक आणि हंगेरियन भाषांतही हीच रीत आहे. हंगेरियन माणूस तर सव्वातीनला 'पाव चार' आणि पावणेचारला 'पाऊण चार' म्हणतो. इंग्लंडात मात्र बोलताना 'हाफ फोर' म्हटले तर ते साडेचार. शब्द तेच, वेळेत तासाचा फरक!

ही केवळ गमतीची माहिती नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार झाला. उद्या आपल्या तालुक्यातील एखादी परिचारिका किंवा गाडीचालक तेथे गेला आणि त्याला 'हाल्ब आख्त' ला, म्हणजे 'अर्धे आठ' ला या, असे सांगितले, तर त्याने साडेसातला हजर असले पाहिजे. त्या भागात अनेक ठिकाणी 'पाव आठ' असेही म्हणतात, आणि त्याचा अर्थ सव्वासात. बाबासाहेबांनीही जर्मन भाषा शिकून १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. तेव्हा ही भाषा आपल्याला अगदीच परकी समजण्याचे कारण नाही.

उत्तर पालीत आहे

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. 'अर्धे तीन म्हणजे दोन आणि अर्धा' ही जर्मन माणसाची रीत ऐकून आपण हसतो. परंतु आपण स्वतः 'अडीच' म्हणतो, तेव्हा नेमके हेच म्हणत असतो!

पाली भाषेत अडीचला 'अड्ढतेय्य' किंवा 'अड्ढतिय' असा शब्द आहे. अड्ढ म्हणजे अर्धा, ततिय म्हणजे तिसरा. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. हाच शब्द झिजत झिजत आपल्या तोंडी 'अडीच' झाला. दीडला पालीत 'दियड्ढ' म्हणतात, म्हणजे दुसरा अर्धा. त्याचे दीड झाले. साडेतीनला 'अड्ढुड्ढ', चौथा अर्धा. त्याचाच 'औट' हा शब्द जुन्या मराठीत होता, आणि साडेतीनच्या पाढ्याला 'औटकी' म्हणत. पुढे 'साडे'ची नवी रीत आली. तिने औटला हटविले, पण दीड आणि अडीच यांना हटविणे तिला जमले नाही. ते दोन शब्द रोजच्या व्यवहारात इतके मुरलेले होते. म्हणून साडेतीन होते, पण साडेदोन होत नाही. मुलाला हेच उत्तर द्यावे.

हे शब्द किती जुने आहेत? मध्य प्रदेशातील रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा लघु शिलालेख आहे. आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, असे अशोक त्यात सांगतो, आणि तेथे 'अढतिय' हाच शब्द कोरलेला आहे. त्याच लेखाच्या पुढल्या भागात धम्मकार्य दीडपट वाढेल असे म्हटले आहे, तेथे 'दियढिय' हा शब्द आहे. बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले शब्द टोकावड्याची माउली आज भाजी घेताना वापरते. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजगृहाच्या आंबराईत भगवंतांबरोबर साडेबाराशे भिक्खू होते, असे आहे. तेथेही संख्या सांगितली आहे ती 'अड्ढतेळस' शतांची, म्हणजे तेरावे शतक अर्धे.

जर्मन भाषेत दीडला 'आंडर्टहाल्ब' म्हणतात. मूळ अर्थ, दुसरा अर्धा. रशियनमध्ये 'पलतरा', अर्थ तोच, अर्धा दुसरा. डच आणि डॅनिशमध्येही दीडला असाच स्वतंत्र शब्द आहे. जुन्या इंग्रजीतही होता, आज तो उरलेला नाही. म्हणून इंग्रजीत 'एक आणि अर्धा' असे लांबण लावावे लागते. डॅनिश भाषेत पन्नासला 'हॅल्त्रेस' म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'तिसरी वीस अर्धी'. म्हणजे अडीच विसा! आपल्या खेड्यापाड्यांतील जुन्या बाया अजून दोन विसा, अडीच विसा असे मोजतात आणि शिकलेली पोरे त्यांना अडाणी समजतात. त्याच तऱ्हेचा शब्द डेन्मार्कमध्ये आज बँकेत आणि शाळेत चालतो, तेथे त्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याकडून नाणेघाटाची चढण लागते. वर लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात ब्राह्मी अंक कोरलेले आहेत, आणि ते भारतातील जुन्यात जुन्या अंकांपैकी आहेत. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला जाई. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये 'यवन' म्हणवणारे परदेशी लोकही आहेत. तेव्हा आपल्या दारावरून मोजणाऱ्यांची आणि हिशेब करणाऱ्यांची वाट गेली आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

भाकरीवरचे घड्याळ

आजची अडचण वेगळी आहे. मोबाईलवर मुलाला २:४५ असा आकडा दिसतो, तो त्याला वाचता येतो. पण आजोबा म्हणाले की, गाडी पावणेसहाला आहे, तर नातू सहा वाजून पंधरा मिनिटे समजतो, आणि गाडी धुरळा उडवून गेलेली असते. यात मुलाचा दोष नाही. त्याला कोणी हे शब्द शिकविलेच नाहीत. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे घोकून घेत. आपल्या पूर्वजांना तर त्या शाळेच्या पायरीवरही जाऊ दिले नव्हते. पाढे त्यांच्यापर्यंत आले नाहीत, पण दीड-अडीच, सव्वा-पावणे हे शब्द त्यांनी तोंडात जपले. आज शाळेचे दार उघडे आहे आणि शब्द मात्र हातचे जात आहेत.

यात नुकसान फक्त चुकलेल्या गाडीचे नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तेथे हिशेब तोंडी होतो. मुकादम म्हणतो पावणेचारशे. ज्याला ते ३७५ आहे हे कळत नाही, त्याच्या हातावर सव्वातीनशे, म्हणजे ३२५ टेकविले तरी तो गप्प राहील. पन्नास रुपये म्हणजे एका घराचा एका दिवसाचा तांदूळ. ज्याला पावणे आणि सव्वा यांतला फरक कळतो, त्याला फसविणे कठीण असते.

म्हणून माता-भगिनींना आमचे सांगणे आहे की, हे शिकविण्यासाठी पुस्तक नको, पाटी नको. ताटात भाकर असतेच. भाकरीचे चार चतकोर करा. एक चतकोर म्हणजे पाव. एक चतकोर काढून घेतला की उरली ती पाऊण. म्हणून बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांना आपण 'पाऊण वाजला' म्हणतो. एक अख्खी भाकर आणि वर एक चतकोर, ती सव्वा. दोन भाकरींतला एक चतकोर कमी, त्या पावणेदोन. एक अख्खी आणि दुसरी अर्धी, ती दीड. दोन अख्ख्या आणि तिसरी अर्धी, त्या अडीच. मुलाला हे एकदा हातात दिले की, घड्याळाच्या तबकडीवर तो ते आपोआप पाहील. मग त्याला सांगा की, अशोकाने दगडावर हेच शब्द कोरले आणि जर्मनीतला माणूस आजही अशाच रीतीने घड्याळ वाचतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. मोठी गोष्ट आहे, आनंदाची आहे. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले, आणि ते शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात आहे. गावच्या विहारात किंवा वाचनालयात तो खंड असेल, तर मुलांना घेऊन एकदा उघडा आणि आपल्या तोंडचे शब्द त्यात शोधा. दर्जा दिल्लीतून मिळतो, पण भाषा टिकते ती चुलीपाशी, शेतात आणि एस. टी.च्या थांब्यावर. तेव्हा आज संध्याकाळी साडेसात वाजले की, घरातल्या मुलाला घड्याळासमोर उभे करा आणि तुम्ही सांगू नका, त्यालाच विचारा, "बाळा, किती वाजले?"